खालून आलेलं घर

जुन्या घराचं काम घेऊन येणारा प्रत्येक माणूस माझ्या दारात एकच वाक्य बोलायचा. "मिस्तरी, फार काय न्हाई, दोन-चार कौलं बदलायचीत." मी सुतार. चाळीस वर्षं मुळशीतली जुनी घरं उतरवली, दुरुस्त केली आणि परत उभी केली. एवढ्या वर्षांत दोन-चार कौलांवर थांबलेलं एकही काम मला आठवत नाही. कौल काढलं की खालची रीप कुजलेली निघते. रीप काढली की वासा पोकळ निघतो. वाशामागं तुळई, तुळईमागं खांब, आणि खांबाच्या बुडाशी उंदरांनी थाटलेला संसार. तोवर मालक डोक्याला हात लावून अंगणात बसलेला असतो आणि त्याची बायको त्याला सांगत असते, की मी आधीच म्हणाले होते. ती आधी काय म्हणाली होती ते दोघांनाही आठवत नसतं.

आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून घरी बसलोय. दिवाळीच्या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा सातवी शिकलेला माणूस काय लिहिणार, असं म्हणून मी टाळत होतो. बायको म्हणाली, "दिवसभर मला सांगता तेच कागदाला सांगा, मला तेवढाच आराम." म्हणून लिहितोय.

लोकांना वाटतं घर भिंतींवर उभं असतं. आमच्याकडच्या जुन्या घरात भिंत हा नुसता आडोसा. घर उभं असतं ते लाकडावर. खाली दगड, दगडावर खांब, खांबावर तुळई, तिच्यावरून उतरते वासे आणि त्यावर कौलं. खिळा जवळजवळ नाहीच. खांबाच्या टोकाला एक जीभ काढलेली असते, तिला आम्ही कुसू म्हणतो. ते कुसू तुळईच्या भोकात बसतं आणि वरच्या वजनानं घट्ट राहतं. म्हणजे घर उलट्या क्रमानं सोडवत गेलं तर एकही लाकूड न मोडता सगळं घर अंगणात मांडता येतं. फक्त एक अट आहे. प्रत्येक कुसू हातानं केलेलं असतं आणि ते आपल्याच भोकात बसतं, शेजारच्या भोकात नाही. कुठलं लाकूड कुठलं, हे विसरलं की घराचं जळण होतं.

या धंद्यात लाकडापेक्षा माणसं जास्त शिकवतात. सूसला मोठ्या सोसायटीत राहणारे एक साहेब माझ्या पडवीतली जुनी चौकट बघून हरखून गेले. चौकट ठेंगणी होती, पूर्वी माणसं वाकूनच घरात शिरायची. मी म्हणालो, उंची वाढवून देतो. नको, जशी आहे तशीच पाहिजे, किडीची भोकंसुद्धा बुजवू नका, असं म्हणाले. दिली बसवून. आठ दिवसांत फोन आला, सासऱ्यांच्या कपाळाला तीन टाके पडले, आता वरच्या बाजूला गादी लावता येईल का? मी लावून दिली, वर लाल मखमल मारून.

नेऱ्यात एका शेतकऱ्यानं भाडेकरूंसाठी माझ्याकडून घरात फळ्यांच्या भिंती मारून घेतल्या. इथं एक खोली, तिथं एक खोली, असं करता करता त्याचं स्वतःचं देवघर भाडेकरूच्या खोलीत गेलं. भाडेकरू हिंजवडीत रात्रपाळीला. हा बिचारा रोज सकाळी अंघोळ करून, फुलांची परडी हातात घेऊन त्याचं दार वाजवायचा आणि विचारायचा, "साहेब, झोपला न्हाई ना? दोन मिनिटांत देव धुऊन घेतो." पुढं तो भाडेकरूच घंटा वाजवायला शिकला.

ही झाली लोकांची गंमत. आता माझी सांगतो, कारण माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक मी हौसाक्काच्या घरी केली.

हौसाक्का पौडच्या पुढं, धरणाच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. सत्तरीची, अंगानं काटकुळी, आवाजानं ठणठणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दिलीप उरवड्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे, म्हणजे तयार झालेला भाग मापाला बरोबर आहे का ते बघायचं आणि केसाएवढा फरक असला तरी माघारी पाठवायचा. घरातही तो तसाच बघायचा. सून मंदा, नात स्नेहल. स्नेहलचं लग्न ठरलं आणि घराचा विषय निघाला.

दिलीपला घर पाडायचं होतं. स्लॅबचं घर, वर कामगारांना भाड्यानं द्यायला चार खोल्या. त्याचंही चूक नव्हतं. वानरं कौलं फोडायची आणि पावसाळ्याचे चार महिने मंदा घरभर पातेली मांडून बसायची. मला ती म्हणाली, "मिस्तरी, पावसाळ्यात माझा सैपाक कमी आन् पातेली उपसणं जास्त." घर जुनं म्हणून कौतुक करणारे बहुतेक लोक त्या घरात केर काढत नाहीत, हे मी मंदाकडून शिकलो.

हौसाक्का मात्र ऐकेना. तिच्यासाठी ते नुसतं सासर नव्हतं. घर तिथलं नव्हतंच मुळी. धरणाचं पाणी चढायला लागलं आणि खोऱ्यातली गावं उठली, तेव्हा तिच्या आजेसासऱ्यांनी आपलं घर लाकूड लाकूड सोडवलं, बैलगाड्यांत घालून वर आणलं आणि वाडीत परत उभं केलं. शेत पाण्यात गेलं, देऊळ गेलं, आमराई गेली. आक्का म्हणायची, "आमच्या गावातली वर आलेली एवढी लाकडंच हायेत. बाकी समदं खाली हाय." हे सांगताना ती हात नेहमी जमिनीकडं करायची, जणू गाव तिच्या पायाखालीच आहे.

मायलेकरांत शेवटी एक करार झाला. लग्न कार्यालयात, पण देवक आणि हळद घरी. देवक बसायच्या दिवसापर्यंत मी घर दुरुस्त करून उभं केलं, तर ते राहील. नाही झालं, तर हळद मांडवात उरकायची आणि लग्नानंतर जेसीबी. दिलीपनं हे माझ्यासमोर सांगितलं, आवाज न चढवता. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी छाती फुगवून म्हणालो, "आक्का, तुमी लग्नाच्या शेवया वळा. घर माझ्यावर सोडा."

माझ्याकडं बिहारकडचे दोन कामगार होते. घरच्यांनी तेवढ्यापुरता संसार गोठ्यात हलवला. आम्ही कौलं उतरवली, वासे काढले, तुळया उतरवल्या, खांब मोकळे केले. लहानमोठी शंभराच्या वर लाकडं अंगणात आली. शंभर वर्षं चुलीचा धूर खाऊन ती डांबरासारखी काळी झाली होती. त्या काळ्यावर पांढऱ्या खडूनं मी आकडे टाकले. खांबाला एक, त्याच्या तुळईच्या भोकाशी एक. दुसऱ्याला दोन, भोकाशी दोन. माझी ही चाळीस वर्षांची पद्धत. रंगानं टाकावेत, असं एक कामगार म्हणत होता, पण सागावर रंगाचा डाग मला आवडत नाही. खडूनं कधी दगा दिला नव्हता.

मग मी दोन दिवस भोरला गेलो. मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दुसऱ्याची घरं उभी करणारा माणूस मेहुण्याच्या घराला गेला नाही तर बायको वर्षभर बोलते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीत आलो आणि अंगणाच्या तोंडाशीच थबकलो. मला वाटलं मी दुसऱ्याच्या दारात आलोय. सगळी लाकडं लख्ख होती. सागाचा मूळचा सोनेरी रंग, ऐनाची तांबूस शीर, सगळं उन्हात चमकत होतं. आणि ती लाकडं शाळेतल्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी उंचीप्रमाणं ओळीनं लावून ठेवलेली. मध्ये हौसाक्का उभी, पदर खोचलेला, हातात नारळाचा काथ्या.

झालं होतं असं. आक्काच्या मनात आलं, की याच खांबाला देवक बांधायचं, याच खांबाला पाहुणे टेकणार, आणि काजळी पाहुण्यांच्या नव्या कपड्यांना लागणार. तिनं वाडीतल्या सहा बायका गोळा केल्या. राख, साबणाचा चुरा, बोअरचं पाणी. दोन दिवस घासघासून शंभर वर्षांची काजळी काढली. माझ्या कामगारांनी अडवून बघितलं होतं. "अम्मा, मिस्त्री का नंबर है उसपे," असं म्हणाले होते. आक्कानं त्यांना सांगितलं, "आसू द्या. नंबर परत टाकू की. खडू हाय घरात."

मी खाली दगडावर बसलो. आक्का उत्साहात होती. मला पाणी देऊन म्हणाली, "कशी उजाळली बघा मिस्तरी." मी तिला सरळ सांगितलं, की आता कुठलं लाकूड कुठं बसायचं ते मला माहीत नाही. एकेक कुसू एकेका भोकात लावून बघायचं म्हटलं तर महिना-दीड महिना जाईल. देवकाला राहिले होते अकरा दिवस. तिच्या हातातला काथ्या तसाच राहिला. बायका एकेक करून आपापल्या घरी गेल्या.

संध्याकाळी दिलीप कामावरून आला. मी सगळं सांगितलं आणि बोलणी खायला तयार राहिलो. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तुमचा दोष न्हाई मिस्तरी. जाऊ द्या आता. जेसीबीवाल्याला कळवतो." आक्का ओट्याच्या कडेला बसली होती. तिनं त्याला विचारलं, "मीच घालवलं का रं घर?" दिलीप तिच्याकडं न बघता पाय धुवायला गेला.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दोष आक्काचा नव्हता, माझाच होता. लग्नघर सोडून वास्तुशांतीचा शिरा खायला मी गेलो होतो. आकडे पक्के करायचा आळस माझा. आणि त्याहून मोठी चूक मला अजून कळायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नुसत्या अंदाजानं जुळवायला लागलो. खांब उचलायचा, तुळईला लावायचा, बसला नाही की खाली. दुपारपर्यंत दोन सांधे जमले आणि तिघांच्या कमरा गेल्या. भाकरी खायला बसलो. मी पाठीमागं आडव्या पडलेल्या खांबाला टेकलो होतो. हात सहज त्याच्या वरच्या टोकाशी गेला आणि बोटाला काहीतरी लागलं. नखानं खरवडावी तशी बारीक चीर. वळून बघितलं. कुसवाच्या खाली, दर्शनी बाजूला, पटाशीनं कोरलेला एक छोटा मासा होता.

मी भाकरी तशीच ठेवून उठलो. तुळया एकेक करून बघत गेलो. तिसऱ्या तुळईच्या एका भोकाशेजारी तसाच मासा. दोन्ही लाकडं एकमेकांना लावली. कुसू आत गेलं ते चावी कुलपात जाते तसं, हातोडीसुद्धा लागली नाही.

मग सगळीकडं दिसायला लागलं. नांगर, चांदणी, कोयता, पाऊल, तीन आडव्या रेघा. वाशांनासुद्धा. ज्या सुतारानं खोऱ्यातून हे घर वर आणलं, त्याला अक्षर येत नसावं. त्यानं चित्रं कोरली होती, जिथं कुसू तिथं एक आणि जिथं भोक तिथं तसंच दुसरं. त्याच्यावर धूर बसला, तेल बसलं, सणासुदीचा गेरू बसला आणि खुणा बुजल्या. मला त्या उतरवताना दिसल्या नाहीत. पण दिसायला हव्या होत्या. हे घर खालून आलंय असं आक्का मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. जे घर एकदा सोडवून परत बांधलंय, त्याच्या अंगावर खुणा असणारच, एवढं सुताराला कळायला पाहिजे. मी तिचं बोलणं म्हातारीची आठवण म्हणून ऐकलं. आक्कानं काथ्या मारला नसता तर त्या खुणा मला कधीच सापडल्या नसत्या.

मी आक्काला हाक मारली. तिनं माशावरून बोट फिरवलं. म्हणाली, "खाली नदी व्हती. मासाच काढणार की." आणि मग ती एवढी हसली, की मंदा स्वयंपाकातून बाहेर आली.

संध्याकाळी दिलीप आला. मी खुणा दाखवल्या तर आधी त्यानं मान उडवली. मग एक तुळई वाकून बघितली. मग दुसरी. मग मोबाइलचा उजेड पाडला. दुसऱ्याच्या मालातली चूक शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला प्रथमच बिनचूक माल दिसत होता. "अक्षर न येणाऱ्या माणसाचं काम हाय हे?" असं तो दोनदा म्हणाला. रात्री त्यानं स्नेहलच्या जुन्या वहीत प्रत्येक खुणेचं चित्र काढून यादी केली, आणि सकाळी कारखान्यात फोन करून रजा टाकली. लेकीच्या लग्नाला चार दिवस रजा मागताना कुरकुरणारा माणूस घर जुळवायला आठ दिवस घरी राहिला.

तो आठवडा मी विसरणार नाही. अंगणात दिलीप वही घेऊन उभा. "कोयत्याचा जोडीदार कुणाकडं हाय?" लाकडं धुणाऱ्या त्याच सहा बायका ओरडून सांगायच्या, "हितं हाय, हितं!" एक खूण मात्र आम्हाला जमेना. वळलेली रेघ आणि टोकाला गोल. मी म्हणालो साप. दिलीप म्हणाला साप. बिहारी कामगारही सापच म्हणाले. अर्धा दिवस आम्ही सापाची जोडी शोधत होतो. मंदा चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "साप कुटला, ही पळी हाय. ती काय तिकडं दुसरी, उलटी ठेवलीया म्हणून दिसंना." चार पुरुषांना साप दिसला आणि एका बाईला पळी. स्वयंपाकघराची तुळई होती ती.

त्या दिवसापासून मंदाचा शब्द वर चढला. स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं, धूर जायला वाट आणि वानरांसाठी वर जाळी, या तिन्ही गोष्टी तिनं माझ्याकडून आणि दिलीपकडून कबूल करून घेतल्या. मी त्या मनापासून करून दिल्या. घरातल्या बाईला काय हवंय, हे मी प्रत्येक घरात पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

एक दिवस खांबाला अळशीचं तेल लावताना आक्का माझ्याशी हळू आवाजात बोलली. म्हणाली, "मी हाय तवर तर राहील. माझ्यामागं पाडतील. पाडू देत. त्यांचं त्यांना." तिच्या आवाजात राग नव्हता. मीही तेच धरून चाललो होतो. मी जेवढी घरं उभी केली त्यातली निम्मी तरी म्हातारं माणूस गेल्यावर वर्षभरात पडली. माझा स्वतःचा मुलगा प्लायवूडची कपाटं करतो. दुकान चांगलं चालतं. कुसू म्हणजे काय ते त्याला सांगावं लागतं.

देवकाच्या आदल्या दिवशी शेवटचं कौल बसलं. दोन खांब बुडातून पार गेले होते, त्यांच्या जागी नव्या सागाचे खांब घातले होते. बाकी सगळं घर होतं तसं, फक्त रंगानं तरणं झालं होतं. देवकाच्या सकाळी मी हत्यारं गोळा करत होतो. दारात मांडव, आत बायकांची गडबड. तेवढ्यात दिलीपचा फोन वाजला. जेसीबीवाला होता, कधी येऊ विचारत होता. दिलीप त्याला म्हणाला, "गोठ्यामागची जागा सपाट करायचीय. चार खोल्या तिकडं घालतोय. घराला हात लावायचा न्हाई."

फोन ठेवून तो माझ्याकडं आला. माझ्या पेटीतली पटाशी त्यानं उचलली आणि नव्या खांबाकडं बोट केलं. म्हणाला, "मिस्तरी, ह्या दोघांना खुणा ऱ्हाईल्या. वरच्या भोकापाशीबी करा. पुढं कुणाला घर सोडवायची येळ आली तर आमच्यासारखी पंचाईत नको."

आक्का परातीत हळद घेऊन दारातून आत येत होती. तिनं ते ऐकलं. उंबऱ्यावर कुणी बसलं तर अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडणारी ती बाई परातीसकट तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आत जाणाऱ्या बायका तिच्या बाजूनं वाट काढून गेल्या. कुणी तिला उठ म्हणालं नाही.

मी पटाशी हातात घेतली. चाळीस वर्षांत मी कितीतरी घरं बांधली आणि सगळ्यांवर खडूनं लिहिलं. एकाही लाकडावर पुढच्या माणसासाठी काही कोरलं नव्हतं. पुढचा माणूस येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. दिलीपनं खांबाला हात लावून धरला. काय काढायचं ते त्यानं विचारलं नाही आणि मलाही ठरवता येईना, म्हणून पहिल्या खांबावर जे आधी मनात आलं ते काढलं, एक साधी दिवटी. ती थोडी वाकडी आली. मी शिडीवर चढून भोकाशेजारी दुसरी कोरली, तीही तशीच वाकडी, म्हणजे जोडी जुळेल.